उरलेले आणि उष्टे
(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांच्या वतीने झालेले भाषण)



आम्ही विहाराच्या अभ्यासिकेत बसणारी मुले-मुली. आमच्यात कुणी आठवीत आहे, कुणी पेणला कॉलेजात जातो, कुणी सुटीत गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात तुम्ही केलेल्या उपक्रमाविषयी दोन शब्द बोला, असे समितीने सांगितले. आम्हाला भाषणाची सवय नाही. तेव्हा जे घडले ते घडले तसे सांगतो. आमच्या चुकाही सांगतो, कारण चुका सांगितल्याशिवाय या कामात आम्ही काय शिकलो ते तुम्हाला कळणार नाही.

सुरुवात गेल्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेची. वैशाखातला उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. सकाळी वंदना झाली, दुपारी भोजनदान झाले, रात्री कार्यक्रम झाला. प्रत्येक घरातून फुलांबरोबर फळे आली होती. कुणी केळ्यांची फणी आणली, कुणी आंबे, कुणी कलिंगड, कुणी सफरचंदे. सर्वांनी श्रद्धेने आणली होती. थोडी वाटली गेली. बाकीची टोपल्यांत भरून अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत ठेवली गेली, आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या कामाला लागला. कारखान्यांत तेव्हा कामाची घाई होती. त्या टोपल्यांची आठवण कोणालाच राहिली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही अभ्यासाला आलो तर खोलीत उभे राहवेना. आंबूस वास, चिलटांचे थवे, टोपलीखालून फरशीवर पाणी सुटलेले. वरची केळी काळी पडलेली, खालची पिचलेली, आंब्यांना देठाजवळ काळे डाग. अर्धी फळे उकिरड्यावर गेली. ती टाकून येताना आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "ही फळं आपल्याच आयांनी मजुरीच्या पैशांनी आणली होती ना?" त्यावर कुणाला उत्तर देता आले नाही.

राहिलेल्या अर्ध्या फळांचे काय करायचे? केळी काळी झाली होती, पण आतून चांगली होती. तेव्हा आम्हाला सगळ्यात सोपा उपाय सुचला. आमच्यातला एकजण म्हणाला, "डोंगराकडच्या कातकरी वाडीवर नेऊन वाटून टाकू. पोरं खातील. पुण्यही लागेल." आम्हाला ते पटले. आम्ही पिशव्या भरायला घेतल्या.

त्या वेळी विहार झाडायला आलेल्या एक आजी दारात उभ्या होत्या. त्या आज येथे समोर बसलेल्या आहेत. त्यांचे नाव घेऊ नका असे त्यांनीच सांगितले आहे. त्यांनी पिशवीत हात घातला, एक केळे काढून पाहिले आणि विचारले, "हे तुमच्या घरात तुम्ही खाल काय रे?"

आम्ही गप्प बसलो.

"मग त्यांना कशाला?" आजी म्हणाल्या. "आमच्या सासूबाई पाटी घेऊन दारोदार भाकर मागायला जात. शिळं, आंबलेलं, कुणाच्या ताटात उरलेलं, जे पाटीत पडेल ते. देणाऱ्यालाही पुण्यच लागायचं हो तेव्हा! बाबासाहेबांनी ते सोडायला लावलं. आणि आता आपली शिकलेली पोरं तेच दुसऱ्याच्या दारात टाकायला निघाली?"

बंधू-भगिनींनो, हे शब्द आम्हाला फार लागले. आम्ही पिशव्या खाली ठेवल्या. त्या दिवशी अभ्यास झाला नाही, चर्चा झाली. आजच्या भाषणाचा खरा विषय ती चर्चा आहे.

आपण सर्वजण महाडला जातो. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले तो दिवस २० मार्च १९२७, हे लहान मूलही सांगेल. परंतु त्या परिषदेत बाबासाहेब आपल्या लोकांना आणखी काय सांगत होते, याकडे आमचे तरी कधी लक्ष गेले नव्हते. महाड हे आपल्याच जिल्ह्यातले गाव. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, १९८१ पासून रायगड झाले. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबर ताटातल्या अन्नाविषयीही सांगितले. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडा, असे त्यांचे सांगणे होते. दुसऱ्याच्या उष्ट्यावर जगणारा माणूस मान वर करू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. लोकांनी ऐकले. अनेक घरांनी उपाशी राहून ऐकले. म्हणून आपल्या वस्तीत अन्नाविषयी बोलायचे तर जपून बोलावे लागते. बाहेरच्या कुणी येऊन "उरलेले टाकू नका, खाऊन टाका" असा उपदेश केला, तर आपल्या आजी-आजोबांना त्यात वेगळेच काही ऐकू येते. ते चूक नाही.

मग उरलेले अन्न टाकूनच द्यायचे काय? तेही आजींना मान्य नव्हते. आम्ही त्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, "उष्टं वेगळं आणि उरलेलं वेगळं. झाडावरचं फळ उरलं तर ते कुणाच्या तोंडचं नसतं. ते खराब व्हायच्या आधी हात लावला तर ते अन्न आहे. खराब झाल्यावर दुसऱ्याला दिलं तर ते उष्टंच."

यावरून आम्ही तीन नियम ठरवले आणि अभ्यासिकेच्या भिंतीवर लिहून लावले. पहिला, फळ खराब होण्याच्या आधी हात लावायचा. दुसरा, कुणाच्या ताटातले घ्यायचे नाही आणि कुणाच्या आवारातले न विचारता घ्यायचे नाही. तिसरा, जे शिजवू ते आधी आपण खायचे, आणि जे आपण खाणार नाही ते दुसऱ्याला द्यायचे नाही. वाडीवरच्या मुलांना बोलवायचे असेल तर पंगतीला बोलवायचे. पिशवी पाठवायची नाही.

नियम झाले. पण स्वयंपाक कुणाला येत होता?

त्याआधी आम्ही एक काम केले. एका वहीत नोंद ठेवली. आपल्या वस्तीत आणि आजूबाजूला फळ कुठे वाया जाते? महिनाभर प्रत्येकाने पाहायचे आणि लिहायचे. वही भरत गेली तसे आश्चर्य वाटत गेले. वळवाच्या पहिल्या वाऱ्याला झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो, तो तसाच कुजतो. रायवळ आंब्याला गिऱ्हाईक नाही म्हणून तो उतरवतच नाहीत. फणस एका वेळी इतके पिकतात की घरचे कंटाळतात आणि उरलेले गुरांपुढे जातात. पेणच्या बाजारात संध्याकाळी फळवाला मऊ पडलेले पेरू आणि चिकू बाजूला काढतो. लग्नाच्या हळदीला आणि साखरपुड्याला फळांच्या परड्या सजवतात, त्या सजावटीपुरत्याच राहतात. आणि सर्वात वर आपला विहार, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हे केवळ हमरापूरचे नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण संस्थेने २०२४ साली एक अहवाल काढला. त्यात म्हटले आहे की २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. आम्हाला वाटत होते की नासाडी करतात ती मोठी हॉटेले. पण निम्म्याहून अधिक वाटा आपल्यासारख्या घरांचाच निघाला. आपल्या देशात फळ घरी येण्याआधीही गळती होते. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली देशभरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार काढणीपासून बाजारापर्यंत पेरूचे जवळजवळ १६ टक्के, आंब्याचे सुमारे ९ टक्के आणि केळ्याचे सुमारे ८ टक्के नुकसान होते. म्हणजे सहा पेरूंपैकी जवळजवळ एक पेरू कुणाच्या पोटात न जाता मातीत जातो. त्या पेरूला घातलेले पाणी, खत आणि मजुराचा घाम, तेही मातीत जाते.

फळ एवढ्या लवकर का खराब होते, हे आम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शोधले. फळ तोडल्यावरही जिवंत असते, श्वास घेते. केळे, आंबा, चिकू ही फळे पिकताना एक वायू सोडतात. त्याचे नाव इथिलीन. एका फळाचा वायू शेजारच्या फळाला लवकर पिकवतो. म्हणून आढीत आंबे एकदम पिकतात आणि म्हणूनच बंद खोलीतल्या टोपलीत एक केळे काळे पडले की बाकीची मागोमाग जातात. फळ आपटले, पिचले की साल फुटते आणि हवेतली बुरशी, यीस्ट आत शिरतात. त्यांना पाणी आणि गोडवा दोन्ही आयते मिळतात. म्हणजे वैशाखातली बंद खोली आणि एकावर एक रचलेल्या टोपल्या हे फळे कुजवण्याचे उत्तम साधन आम्हीच तयार करून ठेवले होते!

कारखान्यात काम करणारा आमचा एक मित्र यावर छान बोलला. तो म्हणाला, "शाडूची माती उरली तर आपण फेकत नाही. भिजवतो, मळतो, पुन्हा मूर्तीला घेतो. प्लास्टरचं तसं नाही. कालवलं की घाई करावी लागते, एकदा घट्ट झालं की काही उपयोग नाही. फळ हे प्लास्टरसारखं आहे." हमरापूर, जोहे, कळवे या भागातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. फळाला वेळेचे बंधन आहे. परंतु ती वेळ वाढवता येते, आणि ती कशी वाढवायची हे आपल्या कोकणातल्या बायकांना केव्हापासून माहीत आहे.

आंब्याचे साठ म्हणजे काय? रसातले पाणी उन्हाने काढून टाकलेला आंबा. आमसूल म्हणजे काय? मीठ लावून, रसात बुडवून, वाळवलेले कोकमाचे साल. फणसपोळी, कैरीचे लोणचे, मुरांबा, वाळवलेल्या आठळ्या, या सर्वांत एकच शहाणपण आहे. पाणी कमी करा, किंवा मीठ, साखर, आंबट यांचे प्रमाण वाढवा, म्हणजे बुरशीला जगता येत नाही. शाळेच्या पुस्तकात आम्ही जे वाचले ते आमच्या आज्या हाताने करत होत्या. पण बाजारात पाकिटे आली, नातवंडे शिकायला लागली, आणि हे शिक्षण मधेच तुटले.

ते पुन्हा शाळेत आणता येते हे दाखवणारे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचे काम सोडून तेथे गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता मूल शिकते, असे त्यांचे मत होते. तेथून खेड्यातल्या शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा अभ्यासक्रम तयार झाला. आठवी ते दहावीची मुले-मुली आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग-सुतारकाम, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशी कामे करतात. गृह-आरोग्यात अन्नप्रक्रियाही येते. मुलगे स्वयंपाक करतात, मुली वेल्डिंग करतात. डॉ. कलबाग २००३ साली गेले, पण काम पुढे चालू राहिले. हे वाचल्यावर आम्हाला धीर आला. शाळेतली मुले हे करू शकतात, तर विहारातली का नाही?

आता आमच्या फजितीची गोष्ट. पहिला पदार्थ आम्ही निवडला जॅम. का? तर बाटलीत भरलेला दिसायला छान! बाजारातून मऊ पडलेले पेरू आणि पपई स्वस्तात विकत आणली. फुकट घ्यायचे नाही असे ठरले होते. गर काढला, साखर घातली, आटवला. साखर महाग म्हणून निम्मीच घातली. बाटल्या घासल्या पण नीट वाळवल्या नाहीत. आठ दिवसांनी झाकण उघडले तर वर पांढरी-हिरवी बुरशी. वाचवायला आणलेली फळे, साखर, गॅस आणि चार संध्याकाळी, सगळे वाया. वरची बुरशी काढून खालचे खाऊ, असे एकजण म्हणाला. पण भिंतीवरचा नियम होता. ते आम्ही खाल्ले असते काय? नाही. मग टाकून दिले.

चूक कुठे झाली हे नंतर समजले. जॅममध्ये साखर नुसत्या गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, बुरशीला पाणी मिळू देत नाही. तयार जॅममध्ये विरघळलेला घन भाग, म्हणजे मुख्यतः साखर, शंभरात पासष्ट-अडुसष्टच्या आसपास लागतो. म्हणून एक किलो गराला पाऊण किलो साखर आणि एक लहान चमचा लिंबूसत्त्व, हे प्रमाण पाळावे लागते. ओली बाटली चालत नाही. उकळत्या पाण्यात ठेवून पूर्ण वाळवलेली बाटली लागते. आणि इतकी साखर लहान मुलांना रोज द्यायची काय, हाही प्रश्न आलाच. मधुमेहाचे औषध घेणारी माणसे आपल्या घराघरात आहेत. म्हणून जॅमचा नाद आम्ही कमी केला आणि त्याच दिवशी करून त्याच दिवशी खाण्याच्या पदार्थांकडे वळलो.

तेथे आजी आमच्या शिक्षिका झाल्या. काळ्या पडलेल्या केळ्याचे घारगे त्यांनी शिकवले. तुम्हीही करून पाहा. चार पिकलेली केळी हाताने कुस्करावीत, त्यात वाटीभर चिरलेला गूळ विरघळवावा, चिमूटभर मीठ आणि वेलची घालावी. मग मावेल तेवढीच कणीक आणि दोन चमचे रवा घालून घट्ट मळावे. पाणी अजिबात घालू नये. अर्धा तास झाकून ठेवून, थापून, मंद आचेवर तळावे. केळे जितके जास्त पिकलेले तितका गूळ कमी लागतो. साल काळी पण आत गर पिवळा आणि वास गोड असेल तर ते केळे घारग्यांसाठी सर्वात चांगले. आमच्यातल्या मुलग्यांना आधी लाज वाटत होती. एकाला त्याच्या मित्राने चिडवलेसुद्धा. दुसऱ्या रविवारी तोच मित्र घारगे खायला आला, आणि तिसऱ्या रविवारी कणीक मळायला बसला.

वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांचे पन्हे केले. कैऱ्या उकडून, गर काढून, गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, मीठ आणि वेलची. पिकलेल्या फणसाच्या रसात तांदळाच्या कण्या भिजवून सांदणे केली. आठळ्या उकडून भाजीत घातल्या. आणि या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आत रायवळ आंब्यांचे साठ घातले. रस गाळून, थोडी साखर घालून आटवायचा, तुपाचा हात लावलेल्या ताटात पातळ पसरायचा, वर विरळ धुतलेले कापड बांधून उन्हात ठेवायचा. एक थर सुकला की दुसरा. चार दिवस आम्ही पाळीपाळीने राखण केली. कावळ्यांपासून आणि खरे सांगायचे तर बालमित्रांपासूनही!

काही खबरदारी आमच्या माता-भगिनींनी जरूर लक्षात ठेवावी. डाग पडलेले फळ वेगळे आणि बुरशी लागलेले वेगळे. डाग कापून टाकता येतो. मऊ फळाला बुरशी लागली असेल, तर तिचे धागे आत गेलेले असतात, म्हणून ते पूर्ण टाकावे. पाखराने किंवा वटवाघळाने खाल्लेले, आंबल्यासारखा वास येणारे, गटाराजवळ पडलेले फळ घेऊ नये. फळे आधी धुवावीत, मग चिरावीत. चिरल्यावर तासन् तास उघडी ठेवू नयेत. साली आणि कोयी आम्ही विहारामागच्या खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर टाकतो. त्याचे खत आवारातल्या झाडांना जाते. आणखी एक. आम्ही काही विकत नाही. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि ते योग्यच आहे. महिला मंडळाला पुढे हा गृहउद्योग करायचा असेल, तर आपल्या जिल्ह्यात रोहा तालुक्यात किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. तेथे जाऊन रीतसर शिकून घ्यावे असे आम्हाला वाटते. आमच्यासारखे बुरशीकडून शिकू नये.

भन्तेजींनी आम्हाला एका रविवारी विनयपिटकातील एक प्रसंग सांगितला, तो येथे सांगावासा वाटतो. उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या चीवरांचे हा भिक्खू काय करणार? व्यापार करणार की काय? त्याने आनंदाला विचारले. आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटली जातील. राजाने विचारले, मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने होतील. मग जुन्या आच्छादनांचे काय? अशा प्रकारे चीवराचे आच्छादन, त्याची गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, पायपुसणे, फडके, आणि शेवटी ते फडके बारीक करून चिखलात मिसळून जमीन लिंपायची. राजाची शंका फिटली. दान घेणाऱ्याने दानाचे काय केले, हे विचारण्याचा दात्याला अधिकार आहे, आणि आनंदाजवळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होते. आम्ही ते ऐकताना आमच्या मागच्या खोलीतल्या टोपल्या आठवल्या. त्या दिवशी कुणा आईने विचारले असते, "माझ्या फळांचं काय केलंत?" तर आमच्याजवळ काय उत्तर होते?

त्याच विनयपिटकात भगवंतांनी भिक्खूंना आठ प्रकारची पेये घेण्यास अनुमती दिल्याचे येते. त्यात आंब्याचे, जांभळाचे, केळ्याचे पेय आहे. म्हणजे आमच्या पन्ह्याला भन्तेजींचीही हरकत नाही!

या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेला काय झाले ते सांगून आम्ही थांबतो. आम्ही आठ दिवस आधी घरोघर गेलो आणि विनंती केली की सर्वांनी केळीच आणू नका, आणि दोन फळे पुरे आहेत. ज्यांना अधिक दान करायचे आहे त्यांनी गूळ, कणीक, तांदूळ किंवा अभ्यासिकेला वही-पेन द्यावे. काहींना ते आवडले नाही. "दानाला माप लावता काय?" असे एका काकांनी विचारले. आम्ही वाद घातला नाही, मागच्या वर्षीच्या खोलीची हकिगत सांगितली. सकाळच्या वंदनेनंतर फळे लगेच निवडली. खाण्याची वेगळी, शिजवण्याची वेगळी. हवेशीर जागी एकेरी थरात मांडली. दुपारी पंगतीला पन्हे होते, संध्याकाळी घारगे. वाडीवरच्या मुलांना आणि त्यांच्या आई-वडिलांना आम्ही घरी जाऊन आमंत्रण दिले होते. काहीजण आले, काहीजण आले नाहीत. जे आले ते आपल्याच पंगतीत, आपल्याच शेजारी बसले. त्यांच्यातल्या एका मावशींनी घारगा खाऊन सांगितले की आम्ही करवंदं अशीच गुळात मुरवतो, तुम्हाला शिकवू का? पुढच्या उन्हाळ्यात त्या शिकवायला येणार आहेत. म्हणजे ज्यांना आम्ही काळी केळी वाटायला निघालो होतो, त्याच आमच्या शिक्षिका होणार आहेत. आजींनी त्या दिवशी आमच्या पिशव्या खाली ठेवायला लावल्या नसत्या, तर हे झाले नसते.

तरीही सर्व काही जमले असे नाही. कलिंगडाचे काय करायचे ते आम्हाला अजून समजलेले नाही. दोन कलिंगडे फुकट गेलीच. परीक्षेच्या दिवसांत वही बंद पडली होती. गॅसचा खर्च समितीवर पडतो, त्याचाही हिशेब नीट ठेवला पाहिजे.

आपणांस आमच्या तीन विनंत्या आहेत. आपल्या परसात, शेतावर फळ जास्त आले तर ते पडायच्या आधी आम्हाला सांगा. आम्ही उतरवायला येऊ, अर्धे तुमच्या घरात पोहोचवू. दुसरी, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना जे येते ते एक रविवार येऊन शिकवावे. ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही. तिसरी विनंती मुलग्यांच्या आई-वडिलांना. मुलगा विहारात कणीक मळतो म्हणून हसू नका. घरीही त्याला मळू द्या.

आपल्या आज्यांनी उष्टे नाकारले म्हणून आज आपण ताठ मानेने जेवतो. त्यांनी अन्नाचा अपमान केला नाही, अपमानाचे अन्न नाकारले. हा फरक आम्हाला उशिरा समजला. तो विसरायचा नाही म्हणून भिंतीवरचे तीन नियम तसेच ठेवले आहेत. आज कार्यक्रमानंतर अभ्यासिकेच्या ओट्यावर चहाबरोबर केळ्याचे घारगे आहेत. सकाळी आम्ही खाऊन पाहिले आहेत, चांगले झाले आहेत. सर्वांनी घेतल्याशिवाय जाऊ नये.



नमो बुद्धाय! जय भीम!